माझ्या बाजूचा ब्रेक

तीस वर्षं मी सातपूरला लोकांना गाडी शिकवतो आहे. शिकवतो म्हणजे लोक उजवीकडे स्टिअरिंग घट्ट धरून बसतात आणि मी डावीकडे बसून ओरडतो. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पहिली पाळी सुटली की कंपन्यांमधले कामगार येतात, सकाळी शिक्षिका आणि कॉलेजची मुलं-मुली. सगळे मला सर म्हणतात. ज्यांनी माझ्या सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या तेच पुढे लग्नपत्रिका घेऊन येतात, म्हणजे शिकवण्यात काहीतरी असावं असं मी धरून चालतो.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन्हीकडे पेडल असतात. शिकणाऱ्याच्या पायाखाली क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. माझ्या पायाखाली नुसते क्लच आणि ब्रेक. मधून ते सळईने जोडलेले असतात. मी इकडे दाबला की तिकडचाही खाली जातो. नवशिक्याला ते कळत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष समोरच्या म्हशीकडे असतं. त्याला वाटतं, वाहवा, आपण वेळेवर थांबलो. मीही त्याला तसं वाटू देतो. पहिल्या चार दिवसांत धीर खचला तर माणूस पाचव्या दिवशी येत नाही.

आमच्याकडे सर्कलला नियम काय, असं कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, पुस्तकातला की रस्त्यावरचा? पुस्तकात लिहिलंय, तुमच्या उजवीकडून फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्या. रस्त्यावर पहिला मान बसचा. मग निफाडहून द्राक्षांचे क्रेट लादून आलेल्या पिकअपचा, कारण त्याला घाई असते. मग रिक्षाचा, कारण त्याला लाज नसते. स्वतःच्या गाडीच्या रंगाला जपणारा माणूस सगळ्यात शेवटी, आणि तो बहुधा माझा विद्यार्थी असतो.

इंडिकेटरचं तर विचारूच नका. आमच्याकडे वळायचं असलं की हात दाखवतात, आणि तोही मागे बसलेला माणूस. मोटारसायकलवर बायको असेल तर ते तिचंच काम. मांडीवर पिशवी, एका हाताने पोर धरलेलं आणि दुसरा हात बाहेर काढून पंजा खालीवर हलवायचा, म्हणजे थांबा, आम्हाला वळायचंय. इंडिकेटर असतो तो लावून विसरण्यासाठी. देवळाली कॅम्पला वळताना लावलेला डावा इंडिकेटर तसाच घेऊन माणूस नाशिकरोड ओलांडतो. वाटेत दहा अनोळखी लोक त्याला बोटं उघडमीट करून खुणावतात की दादा, तुमचा चालू राहिलाय. दुसऱ्याच्या इंडिकेटरची एवढी काळजी वाहणारे लोक मी कुठे पाहिले नाहीत. ट्रकवाल्याने उजवा लावला तर तो स्वतः वळतोय की तुम्हाला पुढे जा म्हणतोय, हे त्याच्या क्लीनरच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

आणि सरळ जायचं असेल तर दोन्ही इंडिकेटर एकदम. चारी दिवे लुकलुकवत चौक पार करायचा. हे माझ्या उस्तादांनी मला शिकवलं आणि मी शेकडो लोकांना. डावीकडे जायचं तर डावा, उजवीकडे तर उजवा, सरळ जायचं तर दोन्ही. ते इतकं सोपं आणि तर्काला धरून होतं की चूक असेल असा संशय यायचं कारणच नव्हतं. त्या चार दिव्यांचा खरा अर्थ 'माझी गाडी अडली आहे, सांभाळून जा' असा आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

तरुणपणी दोन वर्षं मी मस्कतला एका कुटुंबाचा ड्रायव्हर होतो. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, सर्कलला घड्याळाच्या उलट फिरावं लागतं, आणि सर्कलंही आपल्याकडच्या क्रिकेटच्या मैदानाएवढी. पहिल्याच आठवड्यात मालक मागच्या सीटवरून म्हणाले, तू दिवा लावला नाहीस तर तुझ्या मनात काय आहे हे मागच्याला कसं कळणार? ओरडले असते तर मी विसरलो असतो. ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला लाज वाटली. त्यानंतर दोन वर्षं मी दिवा लावल्याशिवाय एक वळण घेतलं नाही. परत आल्यावर ही शिस्त मुंबईच्या विमानतळापासून कसाऱ्यापर्यंत टिकली. घाटात एका टँकरने ती काढून घेतली.

मला एकच मुलगी. ती अकरावीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. एकविसाव्या वर्षी ती माझ्याकडे गाडी शिकली. हुशार पोर, पण गाडीत बसली की तिचे खांदे कानापर्यंत चढायचे. गर्दी दिसली की दोन्ही पाय एकदम वर उचलायची, जणू खाली पाणी साचलंय. तिच्यावर मला ओरडता आलं नाही. मी ओरडण्याऐवजी पाय दाबत राहिलो.

लायसन्सच्या चाचणीच्या दिवशी गाडी स्कूलचीच होती, म्हणून मी डावीकडे, आणि परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब मागे. मागे बसलेल्या माणसाला माझे गुडघे दिसतात, पाय दिसत नाहीत. चढावर ती गाडी मागे सोडणार हे मला तिच्या श्वासावरून कळलं आणि मी ब्रेक धरला. क्लचही मीच सावकाश सोडला. पुढे सर्कलपाशी बस आडवी आली तेव्हा पुन्हा तेच. बाकीच्या विद्यार्थ्यांना मी कधीमधी बोटभर मदत केली असेल, नाही म्हणत नाही. पण तिची ती फेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझीच होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाहेर आल्यावर ती मला बिलगली आणि म्हणाली, "बाबा, पहिल्या फटक्यात." मी तिला कुल्फी घेऊन दिली.

लायसन्स कपाटात गेलं आणि ती स्कूटीवर फिरत राहिली. कारने जायचं असेल तर मी होतोच.

पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली आणि इंग्लंडला नोकरीला गेली. पहिली काही वर्षं हॉस्पिटलातच काम होतं, बसने जायची, यायची. मग काम बदललं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना व्यायाम द्यायचे, आज या खेड्यात, उद्या त्या. गाडीशिवाय ते काम होणंच शक्य नाही. तिला मुदत मिळाली होती, तेवढ्यात तिथलं लायसन्स काढायचं. नाही निघालं तर काम नाही, आणि व्हिसा कामावरच, म्हणजे सामान बांधून घरी.

तिच्या गावात म्हणे सर्कलांचं पीकच आहे. एक संपत नाही तोवर दुसरं. एकदा तिने फोनच्या कॅमेऱ्यासमोर ताटली ठेवली आणि भोवती मनुके फिरवून मला समजावलं. डावीकडच्या पहिल्या रस्त्याला जायचं तर आधीच डावा दिवा. उजवीकडे जायचं तर आधी उजवा, आणि बाहेर पडायच्या आत पुन्हा डावा. सरळ जायचं तर येताना कुठलाच नाही, पण आपल्या अलीकडचा रस्ता मागे पडला की लगेच डावा. मी विचारलं, आणि हॉर्न? ती म्हणाली, हॉर्न कोणी वाजवत नाही. मला ते खरं वाटेना. तिच्याबरोबर काम करणारी एक फ्रेंच मुलगी आहे, ती सांगते की पॅरिसच्या एका मोठ्या सर्कलला उलटाच प्रकार आहे. बाहेरून घुसणाऱ्याला आधी जागा द्यायची, आत फिरणाऱ्याने आतच थांबायचं. ते ऐकून मला बरं वाटलं, जगात कुठेतरी आपले लोक आहेत.

पहिल्या परीक्षेत ती सर्कलला सरळ जाताना चारी दिवे लावून गेली. आजूबाजूच्या गाड्या दचकून थांबल्या. परीक्षकाने तिला गाडी बाजूला घ्यायला सांगून विचारलं, काही बिघाड आहे का? नापास. हे तिने हसत सांगितलं. मी हसलो नाही. तो धडा माझा होता.

दुसऱ्या परीक्षेत ती रेषेवर उभी राहिली आणि आत गेलीच नाही. ही गाडी जाऊ दे, मग ती जाऊ दे, मग ती निळी. मागे रांग लागली. कोणी हॉर्न वाजवेना. "बाबा, कोणी वाजवला असता ना, तर मी गेले असते," ती म्हणाली, आणि या वेळी हसली नाही. पुन्हा नापास.

तिसऱ्या परीक्षेची तारीख मिळाल्यावर ती तीन आठवड्यांची रजा काढून नाशिकला आली. आल्या दिवशीच चहा पिताना तिने कारण सांगितलं. तिकडची शिकवणारी बाई चांगली आहे, पण उपयोग होत नाही, म्हणाली. आपल्याला गाडी येत होती, पहिल्या फटक्यात पास झालो होतो, मग ते गेलं कुठे, हे तिला कळत नव्हतं. आपल्यातच काहीतरी बिघडलंय, आई गेल्यापासूनची भीती आता वर येतेय, असं काहीबाही तिने डोक्यात घेतलं होतं. एका डॉक्टरलाही भेटून आली होती. आता जिथे जमलं होतं तिथेच परत येऊन तिला बघायचं होतं. इथेही जमलं नाही तर परीक्षेला बसायचं नाही, कामावर कळवून टाकायचं आणि परत यायचं, हे तिने ठरवूनच ठेवलं होतं.

मी मान हलवत ऐकत होतो. एक गोष्ट मी लपवणार नाही. परत यायचं, हे शब्द ऐकले तेव्हा मला आनंद झाला. नऊ वर्षं मी एकटा दोन पोळ्या लाटून खातो आहे. लगेच त्या आनंदाची शरमही वाटली, पण आनंद आधी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉलनीतल्या छोट्या सर्कलला गेलो. मधे तुळशीवृंदावनाएवढा कट्टा, भोवती दूधवाले आणि फिरायला निघालेले आजोबा. मी ठरवून गेलो होतो की आज पाय जागचे हलवायचे नाहीत. समोरून शाळेची व्हॅन आली, तिने दोन्ही पाय उचलले, आणि माझा पाय मला न विचारता खाली गेला. गाडी सुंदर थांबली, सुंदर निघाली. असं चारदा झालं. पाचव्या फेरीला तिचा चेहरा उजळला. "आलं की," ती म्हणाली. "बाबा, इथे येतंय मला."

घरी येताना ती बोलत सुटली. म्हणाली, तिकडे परीक्षा आपल्या शिकवणाऱ्याच्या गाडीतच द्यायची असते, आणि शेजारी बसलेल्या परीक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो, इथल्यासारखाच. पण त्याला तो दाबायची वेळ आली की खेळ तिथेच संपला. मग पुढे गाडी कितीही छान चालवा, तुम्ही नापास. तिने हे सहज सांगितलं, जसं आपण तिकडची हवा सांगतो. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. दुपारी मला जेवण गेलं नाही, आणि ॲसिडिटी झालीय असं मी तिला सांगितलं.

मी त्या दिवशी पुरता अडकलो. सांगितलं, तर तिचा एकुलता एक पुरावा मी हिसकावून घेणार. न सांगावं, तर ती माझ्या पायांच्या भरवशावर तिकडे परीक्षेला जाणार आणि नापास होऊन इथे येणार, माझ्या घरी, माझ्या दोन पोळ्यांच्या चार करायला, स्वतःला वेडी समजत. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण या मुठीत तिचा हात अडकला होता.

चार दिवस मी छोट्या सर्कलवर काढले. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, मुंबई नाक्याला जाऊ.

मुंबई नाक्याचं सर्कल ज्यांनी दुपारी चारनंतर पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाच-सहा बाजूंनी गाड्या आत येतात आणि बाहेर पडायचं कोणाच्याच मनात नसतं. आम्ही आत शिरलो ते माझ्याच पायांनी. आत कट्ट्याला लागून, अगदी उजवीकडे, आम्ही एक फेरी मारली. दुसरी मारली. तिला डावीकडे सरकून बाहेर पडायचं होतं, पण डाव्या बाजूला बस, बसच्या पुढे रिक्षा, रिक्षाच्या कुशीत तीन मोटारसायकली. तिने डावा दिवा लावला. त्याचा अर्थ तिथे कोणालाच माहीत नव्हता. तिसरी फेरी. ती घामाने भिजली होती, पण मान ताठ होती. ती चालवत होती असं तिला वाटत होतं. चौथ्या फेरीला मी दोन्ही पाय उचलून मागे घेतले.

गाडीने दोन गचके खाल्ले आणि सर्कलच्या ऐन मधोमध बंद पडली.

मग काय, हॉर्नचा नुसता कहर. तिने किल्ली फिरवली, क्लच सोडला, पुन्हा गचका, पुन्हा बंद. पुढे टेम्पो, मागे बस, डाव्या खिडकीला चिकटून रिक्षा. मी दार उघडून उतरायचं म्हटलं असतं तरी पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षावाला खिडकीत तोंड घालून म्हणाला, ताई, घ्या ना पुढं, लय मोठी लाईन लागली. पलीकडून एका मोटारसायकलवाल्याने मला ओळखलं. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, तुम्हीच घ्या ना आता," तो ओरडला. एवढंच करायचं होतं. पाय पुढे सरकवायचे, दोन मिनिटांत आम्ही बाहेर.

तिने किल्ली काढून मांडीवर ठेवली. "संपलं, बाबा," ती म्हणाली. "इथेसुद्धा गेलं. मी उद्या कळवून टाकते."

तेव्हा मी सांगितलं. तिच्याकडे न बघता, समोरच्या टेम्पोच्या फळीकडे बघत सांगितलं. म्हणालो, गेलं काही नाही. तुला येतच नव्हतं. छोट्या सर्कलवर मी दाबत होतो. आताच्या तीन फेऱ्याही मीच दाबत होतो.

तिने मांडीवरची किल्ली उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"आणि परीक्षेला?"

"परीक्षेलाही मीच."

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. आमच्या घरातला तो गुण माझ्याकडून तिच्यात उतरला आहे. पण तिने सीटला डोकं टेकवलं आणि एक लांब श्वास सोडला. म्हणाली, बरं झालं. मला वाटत होतं, माझ्याकडे होतं ते हरवलं. नव्हतंच, तर मग शिकता येईल. एवढं म्हणून ती खरंच किंचित हसली. मला वाटलं, सुटलो.

मग तिने मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आणखी कशाकशात, बाबा?"

"काय?"

"आणखी कशात पाय घातला होता तुम्ही? मला आत्ताच सांगा. एकदाच विचारते."

हे वाचणाऱ्याला मला सांगितलं पाहिजे. बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. नाव प्रतीक्षा यादीत होतं, वरून तिसरं. एके दुपारी कॉलेजातून फोन आला. अर्जावर नंबर माझा होता. त्या बाई म्हणाल्या, जागा रिकामी झाली आहे, तीन दिवसांत या, हॉस्टेलही मिळेल. तिच्या आईला जाऊन तेव्हा वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. मुलगी आतल्या खोलीत होती, तिला हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी म्हणालो, तिने इथेच प्रवेश घेतलाय, तिला यायचं नाही. त्या बाई बरं म्हणाल्या. यादी संपेपर्यंत ती रोज मला विचारायची, फोन आला का? मी नाही म्हणायचो. मग एक दिवस तिने विचारणं बंद केलं आणि नाशिकच्या कॉलेजात नाव घातलं.

मला ते घर एकट्याला नको होतं. दुसरं काही कारण नव्हतं. तिच्या काळजीपोटी केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खोटं आहे.

आणि आता ती सर्कलच्या मधोमध, बंद गाडीत, मला विचारत होती. मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नव्हता. मी तिच्याकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या किल्लीकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "गाडीचं तेवढं. बाकी सगळं तुझं तू केलंस."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान डोलावली आणि किल्ली लावली. म्हणाली, पाय वर घ्या, मला दिसले पाहिजेत. मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. साठीतला माणूस, सफारी घातलेला, मुंबई नाक्याच्या सर्कलमध्ये जेवायला बसल्यासारखा. तो विद्यार्थी बघतच राहिला. तिने गाडी तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा सुरू राहिली. मग आम्ही किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. बसला तिने एकदा हात बाहेर काढून दम दिला, रिक्षाच्या आरशाला आमचा आरसा घासला, आणि केव्हातरी डावा दिवा लावून, तो कोणी पाळत नाही हे माहीत असून लावून, ती बाहेर पडली. पडली ती चुकीच्या रस्त्याला. आम्ही सरळ तसेच पुढे गेलो आणि बऱ्याच अंतरावर एका टपरीपाशी थांबून उसाचा रस प्यायलो. ती खूश होती. मीही खूश दिसत असेन.

पुढचे दोन आठवडे ती रोज चालवायची आणि मी रोज मांडी घालून बसायचो. ओरडायलाही लागलो, सर्वांवर ओरडतो तसा. तिला ते आवडलं. म्हणाली, हे आधी करायला पाहिजे होतं.

ती गेली. मी सातपूरला नव्या बॅचला सरळ जाताना कुठलाच दिवा लावायचा नाही असं शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी म्हणतात, सर, बाकी सगळे चारी लावतात. मी म्हणतो, ते चुकतात, त्यांना मीच शिकवलंय.

तिच्या परीक्षेच्या दिवशी मी एकही क्लास घेतला नाही. संध्याकाळी फोन आला. तिने गाडी उभी करून लावला होता, मागे पावसाने ओला झालेला रस्ता दिसत होता. पास झाली होती. परीक्षकाचे पाय एकदाही हलले नाहीत, हे तिने दोनदा सांगितलं. मी डोळे पुसले आणि तिला ते दिसू दिलं.

मग ती म्हणाली, एक मोठं सर्कल आलं होतं, तीन लेनचं. रेषेवर आल्यावर पुन्हा तेच झालं, पाय बर्फ झाले.

"मग मला तुमचं बोलणं आठवलं," ती म्हणाली. "गाडी सोडली तर बाकी सगळं मी माझं केलंय. पुण्याला नंबर लागला नाही, तर रडत नाही बसले, नाशिकला राहून पहिली आले. कोणी हात धरला नव्हता तेव्हा. इथपर्यंत आले. मग म्हटलं, हे काय मोठं? आणि गेले मी, बाबा."

"हो, बाळा," मी म्हणालो.

"तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलंत म्हणून."

मी पुन्हा हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तिचं धैर्य ज्यावर उभं आहे तेच मी काढून घेऊ? आणि न काढावं, तर माझी मुलगी माझ्या खोटेपणाच्या बळावर रोज म्हाताऱ्यांच्या घरी गाडी हाकते आहे, आणि मला देव मानते आहे. मला तिने चांगलं म्हणू नये असं वाटतं, आणि म्हणणं थांबवलं तर मी जगणार नाही असंही वाटतं.

सांगायचं ठरवून मी कितीतरी वेळा फोन लावला आहे. काम वाढलंय तिचं. बहुधा ती रस्त्यातच असते, स्पीकरवर फोन घेते, आणि मला मागे तिच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते.

"बाबा, चालवतेय," ती म्हणते. "महत्त्वाचं आहे का काही?"

मी म्हणतो, नाही.